बातमी एक, मागणारे चार : तालुक्याच्या बातमीदाराची घालमेल

“मॅडम, मी बातमीदार आहे की कॅमेरामन, हेच मला कळेनासं झालंय.”

चाळिशी ओलांडलेले, तालुक्याच्या गावी एका दैनिकाचं काम पाहणारे हे गृहस्थ माझ्याकडे सल्ला मागायला आले होते. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. वर्षानुवर्षं ते संध्याकाळी एक बातमी आणि एक फोटो पाठवत आले. आता त्याच घटनेसाठी वेब डेस्कला (वेबसाइटच्या संपादन विभागाला) पंधरा मिनिटांत चार ओळी हव्या असतात, सोशल मीडियावाल्यांना उभा व्हिडिओ, समूहाच्या वाहिनीला बाइट (कॅमेऱ्यापुढे कुणाचं तरी छोटं बोलणं) आणि फोनो (फोनवरून थेट सांगितलेली बातमी), आणि रात्री पानासाठी नेहमीची कॉपी, म्हणजे लेखी बातमी. मानधन मात्र तेवढंच. झोप नीट लागत नाही, घरात चिडचिड होते. पण सगळ्यात जास्त बोचत होतं ते वेगळंच. “पूर्वी मी पाच माणसांशी बोलून बातमी लिहायचो. आता दोघांशी बोलतो. बातमी कच्ची जाते आणि ती कच्ची जातेय हे मला दिसतं.”

छापील, दृश्य आणि डिजिटल माध्यमं एका छताखाली आली तशी ही तक्रार जिल्ह्याजिल्ह्यांतून येऊ लागली. तिच्यात दोन वेगळ्या भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक, ‘माझं वय झालं, हे तंत्र मला जमणार नाही.’ दुसरी, ‘सगळं करता करता एकही काम धड होत नाही.’ पहिली बहुतेक वेळा खरी नसते. ज्याला सहाशे शब्दांची बातमी दोनशेवर आणता येते, त्याला तीन मिनिटांच्या चित्रणातून तीस सेकंद निवडता येतात; निवड करणारी नजर तीच असते. दुसरी भीती मात्र खरी आहे आणि ‘नवीन गोष्टी शिका हो’ असं सांगून ती जात नाही. ती कामाच्या क्रमातून येते. म्हणून त्यांना मनाबद्दल फार न विचारता एका दिवसाचा हिशेब मागितला : कुठल्या वेळी काय केलं, ओळीने लिहून आणा.

त्यांनी आणला तो कांद्याचा लिलाव बंद पडल्याचा दिवस. भाव कोसळल्यामुळे चिडलेल्या शेतकऱ्यांनी सकाळी साडेनऊला बाजार समितीत लिलाव थांबवले. आवारात पाऊल टाकताच यांनी मोबाइलवरून लाइव्ह सुरू केलं. ते चालू असतानाच समितीचे सचिव बाहेर येऊन आकडे सांगून गेले. हातात फोन, त्यामुळे वही खिशातच राहिली. मध्येच डेस्कचा फोन आला आणि लाइव्ह तुटलं. घाईत गर्दीतल्या कुणीतरी सांगितलेला ‘आठशे रुपये क्विंटल’ हा भाव त्यांनी पाठवून दिला. तो होता त्या दिवसाचा कमीत कमी भाव, हलक्या मालाचा. सरासरी भाव बराच वर होता. पण तोवर वेबसाइटवर ‘कांदा आठशेवर’ असा मथळा लागला होता आणि वाहिनीच्या पट्टीवरही तोच आकडा फिरत होता. दुसऱ्या दिवशी छापील अंकात सरासरी भाव बरोबर आला. म्हणजे एकाच नावाखाली वाचकाला दोन भाव मिळाले, आणि शिव्या खाल्ल्या त्या गावात राहणाऱ्या बातमीदाराने.

या हिशेबात कौशल्य कुठे कमी पडलं? कुठेच नाही. चूक क्रमाची होती. पाचही कामं एकाच क्षणी सुरू झाली आणि सगळ्या कामांचा पाया असलेली नोंद सर्वांत शेवटी आली. कन्व्हर्जन्सचा, म्हणजे माध्यमं एकत्र येण्याचा, अर्थ ‘एका माणसाने एकाच वेळी सगळं करणं’ असा अनेक डेस्कनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे. माहिती एकदाच आणि नीट गोळा करायची, मग ती कोणत्या माध्यमात कोणत्या रूपात जाईल हे ठरवायचं, हा त्याचा कामाचा अर्थ.

त्याच दिवसाची आम्ही फेरमांडणी केली. पहिली दहा मिनिटं कॅमेरा बंद, वही उघडी. काय घडलं, कधी, कुणी सांगितलं, त्याचा हुद्दा आणि फोन नंबर. भाव लिहिताना कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी असे तिन्ही, आणि ते कुणाकडून मिळाले तेही. एकच आकडा मिळाला तर तो तिघांपैकी कुठला हे कळेपर्यंत पाठवायचा नाही. त्यानंतर वेबसाठी तीस-चाळीस शब्दांची पहिली खबर : लिलाव बंद पडले, अमुक वाजता, कारण असं सांगितलं जातंय, समितीची बाजू यायची आहे. यात भाव नसला तरी चालतं. मोबाइलवर एकदा गेलेली सूचना (नोटिफिकेशन) परत घेता येत नाही. वेबवरची बातमी वेळ नोंदवून दुरुस्त करता येते. छापील चुकीला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. तेव्हा सर्वांत कडक गाळणी सर्वांत आधी जाणाऱ्या ओळीला लावायची. प्रत्यक्षात नेमकं उलटं चालतं.

मग चित्रण. लाइव्हचा हट्ट सोडायचा. डोळ्यांसमोर काही उलगडत असेल तरच लाइव्ह. एरवी पाच शॉट पुरतात : हातांचा जवळून (कांदा चिरडून दाखवणारे हात), ज्याचे हात त्याचा चेहरा, आवाराचा रुंद, त्या माणसाच्या खांद्यावरून त्याला काय दिसतंय तो, आणि पाचवा जरा वेगळ्या कोनातून, म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकापाशी बसून किंवा कठड्यावरून. प्रत्येक शॉट दहा सेकंद, फोन न हलवता. हलवायचाच असेल तर आधी दहा सेकंद स्थिर धरावा. फोन एरोप्लेन मोडवर, म्हणजे मध्येच कॉल येऊन चित्रण तुटत नाही. सेटिंग १०८० पी (फुल एचडी) पुरेसं. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेमचा (चित्रांचा) पर्याय असेल तर तोच घ्यावा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. वाहिनीसाठी आडवं. सोशल मीडियासाठी दोन शॉट आणि एक बाइट वेगळी उभी घ्यायची. आडवं चित्रण कापून उभं केलं की माणसाचा अर्धा चेहरा जातो.

सगळ्यात जास्त माती होते आवाजात. हे गृहस्थ कॉलरला लावायचा वायरचा माइक वापरत होते, तरी बाइटमध्ये बोलणाऱ्यापेक्षा भोंगाच मोठा यायचा. माइक तपासला तेव्हा कारण सापडलं. पिनेवर दोन काळ्या पट्ट्या होत्या. तसा माइक कॅमेऱ्यासाठी असतो. फोनच्या हेडफोन जॅकला तीन काळ्या पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची पिन आत छान बसते, काही तक्रार येत नाही, पण आवाज फोनच्याच माइकने घेतला जातो. हे समजायला सोपी युक्ती म्हणजे दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, कॉलरच्या माइकवर बोटाने हलकेच टकटक करायचं आणि ऐकायचं. टकटक मोठी ऐकू आली तर माइक चालू. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, उपरण्याला किंवा गळ्यातल्या माळेला घासणार नाही असा. बाइटच्या सुरुवातीला बोलणाऱ्यालाच नाव, गाव, हुद्दा सांगायला लावायचं. डेस्कवर नाव चुकण्याचं प्रमाण एवढ्याने खूप कमी होतं. आणि निघण्यापूर्वी तिथल्या नुसत्या कोलाहलाचा अर्ध्या मिनिटाचा आवाज घ्यायचा. संपादन करणाऱ्याला जोड लपवायला तो उपयोगी पडतो.

पाठवतानाही घोळ होतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलं की दर्जा घसरतो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं. १०८० पीचं एक मिनिट फोनप्रमाणे साधारण ६० ते १३० एमबी होतं. तालुक्याच्या नेटवर्कवर सगळं पाठवण्याचा प्रयत्न केला तर दुपार त्यातच जाते. निवडलेले सात-आठ तुकडेच पाठवावेत, फाइलला तारीख, गाव आणि विषय असं नाव देऊन.

साडेअकरापर्यंत वेबची दीडशे-दोनशे शब्दांची बातमी आणि निवडक चित्रण गेलं की पुढचे तीन तास राखून ठेवायचे. हे तीन तास म्हणजे या सगळ्या मांडणीचा गाभा. या वेळात फोन फक्त माणसांशी बोलायला. आवक किती वाढली, कालच्या तुलनेत भाव किती उतरला, व्यापाऱ्यांचं म्हणणं काय, एकरी खर्च किती आला, साठवलेला माल किती सडला. रात्री पानावर जाणारी कॉपी यातून तयार होते. सकाळी दहाला सगळ्यांनी पाहिलेला गोंधळ दुसऱ्या दिवशी छापून वाचकाला काही मिळत नाही. त्याला भाव का पडला ते हवं असतं. ‘पूर्वी पाच जणांशी बोलायचो’ हे त्यांचं दुःख होतं ना, त्या पाच जणांची जागा या तीन तासांत आहे.

एक अडचण वरवर क्षुल्लक दिसली, पण रोज अर्धा तास खात होती. ते बातमी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप करत आणि वेब डेस्क ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घेई. जुने फॉन्ट अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवतात : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो. बदलताना वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार हरवतो, ‘ऱ्या’ फुटतो. मग डेस्कवरून फोन : हे आडनाव काय आहे? उपाय म्हणजे आधीच युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या कळफलकावर लिहायचं आणि पानासाठी गरज असेल तर डेस्कने ते जुन्या फॉन्टमध्ये न्यायचं. बोटांची सवय मोडायला काही आठवडे त्रास झाला. आता तीच कॉपी फोनवरूनही पाठवता येते.

माध्यम बदललं की नीतीचा धोकाही बदलतो, आणि यावर प्रशिक्षणात फारसं कुणी बोलत नाही. अत्याचाराच्या बातमीत बालकाचं नाव न लिहिणं बहुतेकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम नावापुरतं थांबत नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचे तपशील, शाळा, परिसर, ओळख पटेल असं काहीही उघड करायला ते मनाई करतं. लेखी बातमीत जे आपोआप वगळलं जातं ते व्हिडिओत नकळत येतं : दारावरची पाटी, अंगणातल्या मोटारसायकलचा नंबर, आईचा आवाज. चेहरा धूसर करून घर ओळखू येत असेल तर काहीच लपवलेलं नाही. अशा ठिकाणी चित्रण करूच नये. डेस्कने कितीही आग्रह धरला तरी ‘व्हिज्युअल्स नाहीत’ हे उत्तर द्यायचा बातमीदाराला पूर्ण अधिकार आहे.

“पण मॅडम, हे सगळं माणसं कमी करायलाच चाललंय ना?” हा त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. उत्तर : पुष्कळदा, हो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात २००० साली दैनिक, टीव्ही वाहिनी आणि वेबसाइट एकाच इमारतीत आणली गेली. एकत्रित न्यूजरूम कशी चालते ते पाहायला जगभरातून पत्रकार आणि अध्यापक तिथे जात. २०१२ मध्ये ते दैनिक वाहिनीपासून वेगळं काढून विकलं गेलं आणि २०१६ मध्ये प्रतिस्पर्धी दैनिकाने ते विकत घेऊन बंद केलं. तेव्हा एकत्र येणं हा पैशाच्या प्रश्नाचा उपाय आहे, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. वाढलेल्या कामाचा ताण हा तुमचा कमकुवतपणाही नाही. वाढलेलं काम मोजून मालकापुढे ठेवावंच लागतं.

पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांकडून हीच चिंता उलट्या टोकाने येते. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी हा माध्यमांचा पदवी अभ्यासक्रम, अमरावतीला आयआयएमसीचा (भारतीय जनसंचार संस्थेचा) मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम, असे पर्याय समोर ठेवून मुलं विचारतात, “प्रिंट घेऊ, टीव्ही घेऊ की डिजिटल?” विभाग कुठला, यापेक्षा तिथे एकच घटना तीन माध्यमांत करून घेतात का, आणि तिन्हींचं एकत्र परीक्षण होतं का, हे विचारावं. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठात १९०८ पासून मुलं खऱ्या वाचकांसाठी निघणाऱ्या दैनिकात काम करत शिकत आली. पुढे त्यात टीव्ही आणि रेडिओ केंद्राची भर पडली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर शिकवतात आणि बाजार समिती, तहसील, पोलीस ठाणे दाखवतच नाहीत. संपादनाचं अ‍ॅप दोन वर्षांत बदलतं. सातबारा आणि एफआयआर वाचता येणं जन्मभर पुरतं. लिहिण्याची ओढ असलेल्याने लेखन मुख्य ठेवावं, आवाज आणि चित्रण कामापुरतं पक्कं करावं. सगळ्यात सारखं तरबेज होण्याचा प्रयत्न करू नये.

आपल्या बातमीदारांकडे परत येऊ. त्यांना सर्वांत जास्त छळत होते ते चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, प्रत्येकात वेगळा माणूस, वेगळी मागणी, आणि सगळ्यांचं ‘अर्जंट’. म्हणून त्यांनी एका आठवड्याच्या कामाची नोंद ठेवली : किती खबरा, किती व्हिडिओ, त्यातले प्रत्यक्षात किती वापरले गेले. वापरात आलेल्या व्हिडिओंचा आकडा पाहून जिल्हा प्रतिनिधींनाच आश्चर्य वाटलं; निम्म्याहून अधिक कुठेच लागले नव्हते. त्या कागदाच्या आधाराने त्यांनी चार गोष्टी लेखी मागितल्या. सगळ्या मागण्या डेस्कच्या एकाच माणसामार्फत याव्यात. व्हिडिओ कोणत्या बातमीला हवा हे सकाळी दहाच्या आत कळावं. दुपारचे तीन तास फक्त मोठी घटना असेल तरच फोन यावा. डेटा, माइक आणि पॉवर बँकचा खर्च ऑफिसने द्यावा.

पहिल्या दोन मान्य झाल्या, डेटाचा खर्चही मिळू लागला. दुपारच्या तासांची अट कागदावर आली नाही, पण एकच माणूस फोन करणारा असल्यामुळे ती बरीचशी पाळली जाते. मानधन वाढलेलं नाही. त्यासाठीची नोंद त्यांनी थांबवलेली नाही. तीन महिन्यांचा तक्ता तयार झाला की तालुक्यातल्या आणखी दोघा बातमीदारांना बरोबर घेऊन ते संपादकांना भेटणार आहेत.