स्थित्यंतराच्या काळात सोबत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सतरा वर्षं एका मोठ्या कंपनीत आहे, सध्या ऑपरेशन्स विभागाची प्रमुख. निवृत्ती, घटस्फोट, नोकरी जाणं, जोडीदाराचा मृत्यू अशा वळणांवर अडलेल्या लोकांना मदत करणं हेच पूर्णवेळ काम करायचं ठरवलं आहे. राजीनामा देऊन मग प्रशिक्षण घ्यावं का?

उत्तर : राजीनामा शेवटी. सगळ्यात आधी तुमचं नेमणूकपत्र बाहेर काढा आणि त्यात दोन कलमं शोधा. नोकरीत असताना दुसरं सशुल्क काम करायला लेखी परवानगी लागते का, आणि नोकरी सोडल्यावर कंपनीच्या ग्राहकांशी किंवा कर्मचाऱ्यांशी व्यावसायिक संबंध ठेवायला किती काळ मनाई आहे? परवानगी लागत असेल तर ती आधी मागा. सरावाची विनामूल्य सत्रंसुद्धा लपूनछपून घेऊ नका. विश्वासावर चालणाऱ्या कामाची सुरुवात लपवाछपवीने होऊ नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

मग प्रशिक्षण. अशी मदत करणाऱ्याला ‘कोच’ आणि त्या कामाला ‘कोचिंग’ म्हणतात. बहुतेक देशांत ‘कोच’ म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावतं. म्हणूनच मान्यताप्राप्त अभ्यासक्रम निवडा. कोचना प्रमाणपत्र देणारी इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ पासून आहे. तिच्या एसीसी (असोसिएट सर्टिफाइड कोच) या पहिल्या पातळीसाठी किमान ६० तासांचं प्रशिक्षण, १०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव (त्यातले ७५ सशुल्क) आणि १० तासांचं मेंटर कोचिंग, म्हणजे तुमच्या कोचिंगवर अनुभवी कोचचं मार्गदर्शन, लागतं. हे मेंटर कोचिंग निदान तीन महिन्यांत विभागलेलं असावं लागतं. पुढच्या पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच) पातळीला १२५ तासांचं प्रशिक्षण आणि ५०० तासांचा अनुभव लागतो. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन सत्रं घेतलीत तर १०० तासांना वर्ष लागेल. ते वर्ष वाया जात नाही. दिवसभर बैठका करून आल्यावर संध्याकाळी दुसऱ्याचं दुःख तासभर नुसतं ऐकायला तुम्हाला जमतं का, आणि उद्या पुन्हा ऐकावंसं वाटतं का, हे त्यातच कळतं.

प्रश्न : फी किती ठेवावी? सध्याच्या पगाराचा तासाचा दर काढला, तो पुरेसा वाटतो.

उत्तर : पुरणार नाही. नोकरीत वर्षाला साधारण २००० तासांचा पगार मिळतो. या कामात आठवड्याला १२ सत्रांच्या पुढे गेलात की लक्ष विरतं, आणि सुट्ट्या, आजारपण, मंदीचे आठवडे वजा केले तर वर्षाला ४० आठवडेच हाती राहतात. म्हणजे ४८० सत्रं, तीही वेळापत्रक पूर्ण भरलेलं असेल तर. उरलेला वेळ टिपणं, पत्रव्यवहार, नवे लोक शोधणं आणि स्वतःच्या सुपरव्हिजनमध्ये (अनुभवी व्यक्तीसोबत आपल्या कामाचा आढावा घेण्यात) जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही. तेव्हा हिशेब उलटा मांडा : वर्षाचा घरखर्च, कर, विमा, प्रशिक्षण यांची बेरीज करा आणि तिला ४८० ने भागा. पहिल्या वर्षी २४० नेच भागा. उत्तर बघून छातीत धस्स झालं तर फी कमी करू नका, नोकरी सोडण्याची तारीख पुढे ढकला. उत्पन्न शून्य धरून १८ महिन्यांचा खर्च गाठीशी हवा. त्यात आरोग्यविम्याचा हप्ता धरायला बहुतेक जण विसरतात, कारण तोवर तो कंपनी भरत असते.

पैशाची तंगी असलेला कोच माणसाला मोकळं करत नाही, पुढच्या सत्रासाठी धरून ठेवतो. त्याचं त्यालाही हे कळत नाही.

प्रश्न : प्रशिक्षण झालं, लोक येऊ लागले. सत्रात छान योजना ठरते, समोरची व्यक्ती मान डोलावते आणि पुढच्या वेळी काहीच केलेलं नसतं. तिसऱ्या सत्राच्या दिवशीच भेट रद्द होते. माझं काय चुकतंय?

उत्तर : बहुधा घाई. कॉर्पोरेटमध्ये प्रश्न समोर आला की उपाय, जबाबदार व्यक्ती आणि तारीख ठरवण्याचं बक्षीस मिळतं. इथे तीच सवय आड येते. अमेरिकी लेखक विल्यम ब्रिजेस यांनी स्थित्यंतराचे तीन टप्पे सांगितले आहेत : आधी शेवट, मग मधला अधांतरी काळ, आणि त्यानंतर नवी सुरुवात. तुमच्यासमोर बसलेली व्यक्ती पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात असते आणि योजना तिसऱ्या टप्प्याची असते. ती मान डोलावते कारण योजना बरोबरच असते. घरी गेल्यावर पाऊल उचलत नाही, कारण जे गेलं त्याचा हिशेब अजून कोणी केलेलाच नसतो.

म्हणून पहिल्या सत्रातली निदान २० मिनिटं फक्त ‘काय काय गेलं?’ या प्रश्नाला द्या. नोकरी गेलेल्या माणसाबाबत सामाजिक मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा यांची मांडणी हाताशी ठेवा. पगाराखेरीज नोकरी पाच गोष्टी देते असं त्या म्हणतात : दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, एकत्र मिळून काही साधण्याची भावना, दर्जा व ओळख, आणि नियमित काम. एकेका गोष्टीवर थांबा. कोणाला पदाचं काहीच वाटत नसतं, पण दुपारी जेवताना सोबत कोणी नसतं ते सहन होत नाही. त्या व्यक्तीला रेझ्युमे सुधारून देऊन काय उपयोग? निवृत्तीलाही हीच यादी चालते. वियोग आणि घटस्फोटाची यादी वेगळी असते. ती त्या व्यक्तीच्याच तोंडून येऊ द्या.

यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करून घ्या : पूर्ण संपलं, वेगळ्या रूपात राहू शकतं, किंवा अजून कळत नाही. तिसरी खूण जास्त असेल तर माणूस मधल्या टप्प्यात आहे असं समजा. तो टप्पा कित्येक महिने चालू शकतो. त्याला वेळापत्रक लावू नका.

गेल्या बारा महिन्यांत आणखी काय काय बदललं हेही विचारा. होम्स आणि राहे या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये ४३ घटनांची ताणमोजणी मांडली. त्यात घटस्फोटाला ७३, निवृत्तीला ४५ आणि लग्नासारख्या आनंदाच्या घटनेलाही ५० गुण आहेत. गुणांची बेरीज करून निदान करू नका. यादीचा उपयोग एवढाच, की एक प्रश्न घेऊन आलेल्या माणसाच्या डोक्यावर प्रत्यक्षात तीन ओझी असतात हे दिसतं.

दोन सत्रांच्या मधल्या काळासाठी एकच गोष्ट ठरवा, पाच नव्हेत. ती दोन तासांच्या आत होणारी, मागे घेता येणारी आणि तारीख ठरलेली असावी. ‘नवं क्षेत्र शोधा’ असं सांगून काही होत नाही; ‘त्या क्षेत्रातल्या एका व्यक्तीशी गुरुवारी अर्धा तास बोला’ हे होतं. पाचांतली चार राहिली की माणसाला लाज वाटते, आणि लाज वाटली की भेट रद्द होते. तुमच्या तिसऱ्या सत्राचं तेच होत असावं. परवानगी घेऊन एखादं सत्र रेकॉर्ड करा आणि ऐका. तुमचं बोलणं एक तृतीयांशाहून जास्त भरलं तर प्रश्न विचारल्यावर मनात आठपर्यंत मोजायची सवय लावा. खरं उत्तर पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं.

प्रश्न : हे काम आणि मानसोपचार यांची सीमा कुठे?

उत्तर : झोप, भूक, रोजची कामं दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलेली असतील, दारू किंवा औषधांचा आधार वाढत असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हवेत. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे थेट, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर योजना ठरली आहे का, साधन हाताशी आहे का, हेही विचारा. धोका लगेचचा असेल तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, तातडीची मदत बोलवा. तज्ज्ञांची नावं आणि हेल्पलाइनचे क्रमांक पहिल्या ग्राहकाच्या आधीच लिहून ठेवा. तेव्हा शोधत बसायला वेळ नसतो. जिवाला धोका असल्यास गोपनीयता मोडावी लागेल, हे करारातच लिहा आणि पहिल्या भेटीत तोंडीही सांगा.

प्रश्न : पहिले ग्राहक म्हणून जुने सहकारी चालतील का?

उत्तर : ज्यांच्या बढतीवर किंवा मूल्यमापनावर तुमचा हात होता ते नकोत. ते तुमच्यासमोर अजूनही वरिष्ठांना आवडेल तेच बोलतील. बाकीच्यांना आधी वीस मिनिटांच्या विनामूल्य ओळखभेटीला बोलवा. जमलं तर पंधरा दिवसांनी एक अशा सहा सत्रांचा लेखी करार करा. त्यात फी, भेट रद्द करण्याची मुदत आणि तिसऱ्या सत्रानंतर दोघांपैकी कोणालाही थांबता येईल अशी अट असू द्या.