गॅसच्या शेगडीवर स्वयंपाक करण्याचे नेमके फायदे काय?

हॉटप्लेट किंवा इंडक्शन सोडून गॅसच का घ्यावा, असा तुमचा प्रश्न आहे. बहुतेक जण वेग आणि काटकसर ही कारणं सांगतात. माझ्या मते गॅसची खरी जमेची बाजू आहे आचेवरचा ताबा. काटकसरीचं गणित तर अनेकदा उलटंच निघतं.

नॉब फिरवला की आच लगेच बदलते. दूध वर आलं किंवा साखरेचा पाक करपायच्या बेतात असला, तर गॅस बंद करताच खालची उष्णता थांबते. हॉटप्लेटची तबकडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली असते, त्यामुळे भांडं उचलून बाजूला ठेवावंच लागतं. इंडक्शनही झटपट प्रतिसाद देतं, हे मान्य. पण साध्या इंडक्शनवर कमी पॉवर म्हणजे कॉइल काही सेकंद जोरात चालते, मग बंद पडते, पुन्हा चालते. पातळ बुडाच्या भांड्यात दाट पदार्थ असेल तर तो तेवढ्यातही खाली लागतो. छोट्या बर्नरची मंद ज्योत मात्र सलग जळते.

दुसरा फायदा भांड्यांचा. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, बीड, स्टील, कशाचंही भांडं चालतं आणि बूड सपाट असायची गरज नाही. गोल बुडाच्या कढईत ज्योत कडांपर्यंत चढते, म्हणून परतायला गॅसच बरा. भांडं तिरपं धरलं किंवा हलवत राहिलं तरी उष्णता तुटत नाही. भोपळी मिरची किंवा वांगं थेट ज्योतीवर भाजणं तर हॉटप्लेट किंवा इंडक्शनवर जमतच नाही. वीज गेली तरी साधी शेगडी काडीने पेटते.

आता इंधनाचं. १ किलो एलपीजीत साधारण ४६ मेगाज्यूल ऊर्जा असते. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. ज्योतीची निम्मी उष्णता भांड्याला मिळते असं धरलं तर जेमतेम १४ ग्रॅम गॅस जळतो. उरलेली निम्मी उष्णता ओट्याभोवतीची हवा तापवते. या बाबतीत इंडक्शन सरळ पुढे आहे. गॅस स्वस्त पडतो की महाग, हे तुमच्याकडच्या दरांवर ठरेल. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, ज्योत बुडाच्या बाहेर येऊ द्यायची नाही. दोन, उकळी आली की आच कमी करायची. साध्या भांड्यात पाणी उकळू लागलं की त्याचं तापमान वाढत नाही, नुसती वाफ वाढते. तेच १ लिटर पाणी पूर्ण आटवायला ते उकळीला आणण्याच्या सातपट उष्णता लागते. म्हणून झाकण ठेवा.

हे सगळे फायदे ज्योत निळी असेपर्यंतच. पिवळी, लांबट, भांडं काळं करणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतोय. (खारट पाणी उतू गेल्यावर थोडा वेळ दिसणारा नारिंगी रंग हा मिठातल्या सोडियमचा, त्याची काळजी नको.) आधी बर्नरची टोपी नीट बसलीय का ते बघा, बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मग शेगडी गार करून टोपी काढा, गरम साबणपाण्यात भिजवा, भोकं पिनेने मोकळी करा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा, कारण ओल राहिली तर ज्योत तुटक येते. तरीही पिवळी असेल तर बर्नरच्या नळीच्या तोंडाशी साचलेली धूळ आणि हवेची झडप तपासून घ्या. उलट ज्योत टोपीपासून सुटून फुरफुरत असेल तर हवा जास्त होतेय.

जेटच्या, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीच्या, भोकात मात्र सुई घालू नका. ते मोठं झालं की गॅस जास्त येतो आणि हवेचं प्रमाण कायमचं बिघडतं. याच कारणाने एलपीजीची शेगडी नैसर्गिक गॅसवर तशीच लावता येत नाही. एलपीजीतल्या प्रोपेनमध्ये नैसर्गिक गॅसमधल्या तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनच्या सुमारे अडीचपट उष्णता असते, म्हणून एलपीजीचं जेट बारीक असतं. ते न बदलता नैसर्गिक गॅस जोडला तर ज्योत मरतुकडी येते. उलट केलं तर भडकते आणि काजळी धरते, ते धोक्याचं.

ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी शेगडी मिळत असेल तर तीच घ्या. तिच्यात बर्नरशेजारी तापमान ओळखणारी एक बारीक दांडी असते. ती तापेपर्यंत, म्हणजे पाच-दहा सेकंद, नॉब दाबून धरावा लागतो. सोडल्याबरोबर ज्योत विझत असेल तर बहुधा दांडीच्या टोकावर काजळी असते किंवा ती ज्योतीपासून सरकलेली असते.

तोटाही सांगायला हवा. ज्योत निळी असली तरी नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतोच, तेव्हा एक्झॉस्ट पंखा किंवा खिडकी हवीच. एलपीजी हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून हवा जायला खालीही वाट ठेवा. नैसर्गिक गॅस हलका असल्याने वर जमतो. नळीचे जोड अधूनमधून साबणाच्या फेसाने तपासा, बुडबुडे आले तर गळती आहे. वास आला तर मुख्य कॉक किंवा रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते.