कारखान्यातून मागवायचा पिकअप: विसार देण्याआधी भाव

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतो. नवरा-बायको दोघंही आयटीत, दोघंही एच-१बी व्हिसावर, ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर. मिळून वर्षाचं उत्पन्न २ लाख ३० हजार डॉलर. मुलं ९ आणि ६ वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला. सामान भरल्यावर तो ६,५०० पौंडांचा होतो आणि आमच्या २०१७च्या होंडा पायलट गाडीला झेपत नाही. म्हणून फोर्ड एफ-१५० घ्यायचं ठरवलं. हवा तसा ट्रक कुणाच्याच आवारात नाही, तेव्हा कारखान्यात ऑर्डर नोंदवावी लागेल. त्यातल्या एक्सएलटी प्रकाराची स्टिकर किंमत (कंपनीने गाडीवर छापलेली) ६३,५०० डॉलर होते. घराजवळचा डीलर म्हणतो, "खास तुमच्यासाठी बनवून घ्यायचा, त्यात सूट नसते." वर काचांची फिल्म आणि टायरमधला नायट्रोजन असं १,४९५ डॉलरचं पॅकेजही लावतो. दीडशे मैलांवरच्या छोट्या गावातला डीलर इनव्हॉइसपेक्षा ४०० कमी, म्हणजे ६०,००० म्हणतो. इतकं कमी म्हणजे काही गोम असेल का? जवळचा डीलर ७२ महिन्यांचं कर्ज ७.४ टक्क्यांनी देतोय आणि व्याजावर कर वाचेल म्हणतो. आणखी ७,००० घालून सनरूफचा, वरच्या प्रकारचा लॅरिएट घ्यावा, असंही मनात येतं.

उत्तर: आधी तुमच्या मनातली शंका काढून टाकू. "खास बनवून घ्यायचा म्हणून सूट नाही" हे वाक्य उलट्या बाजूने वाचा. डीलरच्या आवारात उभा असलेला प्रत्येक ट्रक त्याने उधारीवर आणलेला असतो. त्या उधारीला फ्लोअरप्लॅन म्हणतात आणि ट्रक विकला जाईपर्यंत तिचं व्याज चढत राहतं. ट्रक चार महिने उन्हात उभा राहिला तर चार महिन्यांचं व्याज डीलरच्या खिशातून जातं. तुम्ही नोंदवलेला ट्रक मालगाडीतून उतरतो तेव्हाच विकलेला असतो. आठवड्याभरात तुम्ही तो घेऊन जाता. डीलरने गिऱ्हाईक शोधायचं नाही, जाहिरात करायची नाही, जागा अडवायची नाही. त्याचं काम कागदपत्रांचं. टेक्सासच्या कायद्यानुसार कंपनी तुम्हाला थेट ट्रक विकू शकत नाही, म्हणून मधे डीलर हवाच. पण तो कुठला, हे तुमच्या हातात आहे.

मग छोट्या गावातल्या डीलरला इनव्हॉइसच्या खाली परवडतं कसं? इनव्हॉइस हा कंपनीने डीलरला लावलेला कागदावरचा भाव. त्यातली काही रक्कम कंपनी विक्रीनंतर डीलरला परत करते. तिला होल्डबॅक म्हणतात, आणि ती साधारण स्टिकर किमतीच्या २ ते ३ टक्के असते. ६३,५०० वर धरली तर अंदाजे १,३०० ते १,९०० डॉलर. त्यातले ४०० तुम्हाला सोडूनही त्याच्या हातात काही उरतं, शिवाय विक्रीचा आकडा वाढतो आणि त्या आकड्यावर पुढच्या गाड्यांचा कोटा मिळतो. यात गोम नाही. कमी नफ्यावर जास्त गाड्या विकणारे डीलर असेच चालतात. वॉरंटीचं काम फोर्डच्या कुठल्याही डीलरकडे होतं, विक्रीकर कुठेही घेतलात तरी टेक्सासचा ६.२५ टक्केच, आणि कारखान्यापासूनचं वाहतूक शुल्क देशभर सारखं असतं. दीडशे मैल जाण्याचा खर्च म्हणजे एक दिवस आणि टाकीभर पेट्रोल. दोन्ही भावांतला फरक पॅकेज धरून ४,९९५ डॉलर आहे.

तरी एकाच भावावर थांबू नका. दोनशे मैलांच्या टापूतल्या पाच-सहा डीलरांच्या फ्लीट किंवा इंटरनेट मॅनेजरला एकच ईमेल पाठवा. सोबत तुमची ऑर्डर शीट (ट्रकमध्ये काय काय हवं त्याची यादी) जोडा आणि दोनच गोष्टी विचारा: इनव्हॉइसच्या किती वर किंवा खाली द्याल, आणि या मॉडेलचा कोटा तुमच्याकडे शिल्लक आहे का, माझ्या आधी किती ऑर्डरी रांगेत आहेत. दुसरा प्रश्न लोक विसरतात. भाव उत्तम पण कोटाच नाही, अशा डीलरकडे ऑर्डर महिनोन्‌महिने पडून राहते. फोनवर बोलायचं टाळा. फोनवर सेल्समन "महिन्याला किती भरू शकाल?" असं विचारतो आणि तुम्ही आकडा सांगितलात की ट्रकचा भाव त्या हप्त्याच्या आड जातो.

भाव विचारताना कंपनीची रिबेट (कंपनी गिऱ्हाईकाला देते ती सूट) बाजूला ठेवायला सांगा. रिबेट कंपनीच्या खिशातून येते, डीलरच्या नाही. "तुम्हाला ३,००० सोडले" म्हणताना त्यातले २,५०० कंपनीचे असतील तर डीलरने पाचशेच सोडले.

आता विसाराचं. पाचशे डॉलर देण्याआधी बायर्स ऑर्डरवर (खरेदीच्या करारावर) लेखी काय हवं ते सांगतो. भाव "इनव्हॉइस वजा ४००" असा सूत्रात लिहून घ्या आणि भावासकट ऑर्डर शीटची प्रत जोडा, कारण मधे मॉडेल वर्ष बदललं तर नुसता आकडा वादाचा होतो. किमती वाढल्या तर कंपनीचं प्राइस प्रोटेक्शन (वाढीपासून वाचवणारी सोय) तुम्हाला लागू होईल का, आणि रिबेट ऑर्डरच्या दिवशीची की डिलिव्हरीच्या दिवशीची, हेही त्याच कागदावर यायला हवं. डॉक्युमेंट फीचा आकडा, डीलरकडून वरून काहीही बसवलं जाणार नाही ही ओळ, आणि विसार कोणत्याही कारणाने पूर्ण परत. या शेवटच्या अटीवर अडून बसा, का ते पुढे सांगतो. २०२१-२२ मध्ये चिप्सचा तुटवडा होता तेव्हा महिनोन्‌महिने वाट पाहिलेल्या लोकांना ट्रक आल्यावर स्टिकरवर हजारो डॉलर जादा मागितले गेले. तोंडी शब्दावर राहिलेल्यांना दोनच वाटा होत्या, जादा भरा किंवा रिकाम्या हाताने परत जा. डीलरला विसार परत करायची भीती असते ती विचित्र ट्रक अंगावर पडण्याची. तुमचा पांढरा, चार दारी, फोर-बाय-फोर एक्सएलटी तुम्ही सोडलात तर टेक्सासात सहज विकला जाईल. हे त्याला सांगा, तो मानेल.

लॅरिएटबद्दल माझं स्पष्ट मत: घेऊ नका. ७,००० डॉलर हे एक कारण. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. कुठल्याही डीलरकडे जा, दार उघडा, पिवळ्या पट्टीचा स्टिकर शोधा. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असा आकडा त्यावर छापलेला असतो. जाहिरातीत सांगतात तो ओढण्याचा आकडा वेगळा, हा पेलण्याचा. तुमचा ट्रेलर हुकावर साधारण ८०० पौंड दाब टाकेल (ट्रॅव्हल ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के धरतात). वजन वाटून देणारा हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) १०० पौंड. तुम्ही चौघं मिळून ४८० धरा, कूलर, सायकली, अवजारं २००. झाले १,५८० पौंड. सनरूफ, मोठी चाकं, मोटरीवर सरकणाऱ्या सीटा हे सगळं वजन याच आकड्यातून वजा होतं, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत तीनशे पौंडांचा फरक सहज पडतो. महाग ट्रक तुमच्या कामाला कमी पडू शकतो. ऑर्डर देण्याचा खरा फायदा इथे आहे: आवारातला ट्रक घेताना डीलरने निवडलेलं सगळं घ्यावं लागतं, ऑर्डर शीटवर मात्र नको ते खोडता येतं. डीलरशी तासभर घासाघीस करून जे हजार डॉलर सुटतात, ते एक ओळ खोडून सुटतात. टोइंग पॅकेज आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर मात्र अजिबात खोडू नका.

पायलटचा हिशेब वेगळा मांडा. आज डीलरने सांगितलेल्या किमतीला चार महिन्यांनी, ट्रक येईल तेव्हा, काही अर्थ नाही, आणि भावात सोडलेले पैसे डीलर नेमके जुन्या गाडीत वसूल करतो. ट्रक निघाल्याचं कळलं की वापरलेल्या गाड्या घेणाऱ्या दोन-तीन कंपन्यांकडून लेखी किंमत घ्या. समजा बाहेर १५,५०० मिळतात आणि डीलर १३,००० म्हणतो. टेक्सासात जुनी गाडी दिली की तेवढ्या रकमेवर विक्रीकर लागत नाही, म्हणजे १३,००० चे तुम्हाला १३,८१२ पडतात. तरी बाहेर विकणं फायद्याचं. पण डीलरने १४,६०० केले, तर करासकट ते १५,५१२ होतात आणि तुमची धावपळ वाचते. हा आकडा डोक्यात घेऊन बसा.

आता कर्ज, आणि मला खरी काळजी याचीच आहे. ट्रक ६०,००० ला घेतला, पायलट दिली, १०,००० रोख भरले, तर कर्ज साधारण ३८,५०० उरतं. ७२ महिने ७.४ टक्क्यांनी हप्ता ६६४ डॉलर आणि एकूण व्याज ९,२९४. तेच ७२ महिने ५.९ टक्क्यांनी मिळालं तर व्याज ७,३०९. म्हणजे दीड टक्क्याची किंमत दोन हजार डॉलर. डीलर बँकेच्या दरावर स्वतःचा टक्का चढवतो, तो इथे लपलेला असतो. म्हणून आपल्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) कर्जाची मंजुरी घेऊन जा, पण आत्ता नको. ती साधारण महिना-दोन महिनेच टिकते, ट्रक यायच्या सुमारास घ्या. ६० महिने ५.९ टक्क्यांनी हप्ता ७४३ येतो आणि व्याज ६,०५१.

मी ६० महिन्यांच्या पुढे जाऊ नका म्हणतो ते तेवढ्या व्याजासाठी नाही. तुम्ही दोघंही एच-१बीवर आहात. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्या ६० दिवसांत घर, मुलांची शाळा, गावाकडे फोन, आणि वर दारात असा ट्रक, ज्याची किंमत कर्जापेक्षा कमी झाली आहे. विकायचा तर पदरचे पाच-सात हजार घालून विकावा लागतो. हे मी ओळखीच्या घरांत झालेलं पाहिलं आहे. माझी त्यांना मदत झाली ती गाडी विकून देण्यापुरती, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे. तुमच्यापैकी एकाची नोकरी राहील ही शक्यता मोठी आहे, पण एकाच क्षेत्रात दोघं असाल तर ती गृहीत धरू नका. म्हणून विसार पूर्ण परत मिळायला हवा, रोख जास्त भरायला हवी, मुदत कमी हवी, आणि सहा महिन्यांचा घरखर्च ट्रकला हात न लावता बँकेत राहायला हवा. तो नसेल तर ट्रेलर एक उन्हाळा अंगणात राहू दे.

व्याजावरची करसवलत खरी आहे. २०२५ ते २०२८ या वर्षांत, अमेरिकेत जुळवलेल्या नव्या वैयक्तिक गाडीच्या कर्जाचं वर्षाला १०,००० डॉलरपर्यंतचं व्याज वजा करता येतं. एफ-१५० डिअरबॉर्न आणि कॅन्सस सिटीजवळच्या कारखान्यांत बनतो, तेव्हा ती अट पुरी होते. पण जोडप्याचं उत्पन्न २ लाखांच्या वर गेलं की दर हजारामागे २०० डॉलर सवलत कमी होते. तुमच्या ३० हजारांमागे ६,००० कमी होणार, आणि तुमचं पहिल्या वर्षाचं व्याजच जेमतेम २,१०० आहे. तुमच्या वाट्याला शून्य. जड पिकअप धंद्याच्या खर्चात टाकण्याची गोष्टही कुणी सांगेल, ती पगारदार माणसाला लागू नाही.

शेवटच्या खोलीबद्दल. भाव ठरला, हात मिळवले, की तुम्हाला फायनान्स ऑफिसमध्ये बसवतात. माझ्या पहिल्या नव्या गाडीच्या वेळी मी भावात १,२०० डॉलर वाचवले होते आणि त्या खोलीत २,३०० डॉलरचा वाढीव वॉरंटीचा करार सही करून आलो. रात्री बायकोने कागद वाचले तेव्हा कळलं. तो करार महिन्याच्या आत रद्द करता येत होता म्हणून पैसे परत आले. गाडीची खरेदी मात्र तशी रद्द होत नाही. तीन दिवसांत परत करता येते ही समजूत चुकीची आहे, डीलरच्या जागेवर केलेल्या खरेदीला तो नियम लागू नाही. डीलरांच्या फसव्या आकारण्यांवर केंद्राने केलेला नियमही जानेवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अपील कोर्टाने रद्दबातल केला. तेव्हा दोघं मिळून जा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फक्त कागद वाचायचे. बायर्स ऑर्डरची प्रत जवळ ठेवा आणि त्यात नसलेली प्रत्येक ओळ खोडायला लावा.

ऑर्डर नोंदवल्याच्या महिन्यापासून ७४३ डॉलर दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायला लागा. ट्रक येईपर्यंत घर त्याशिवाय नीट चाललं तर हप्ता झेपेल, आणि साठलेले तीन हजार रोख भरण्यात जातील. डिलिव्हरीच्या दिवशी सही करण्याआधी ड्रायव्हरचं दार उघडून पिवळ्या पट्टीवरचा आकडा वाचा. तो १,६५० च्या खाली असेल तर किल्ली घेऊ नका, मला फोन करा.