बंद स्टेशन, स्टीलचा डबा आणि रुळाचा खिळा

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात शिक्षक आहे. शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून गावचं स्टेशन ओस आहे. सुटीत भाच्यांसोबत तिथे जिओकॅशिंग केलं. तिकीट खिडकीच्या कोनाड्यात स्टीलचा डबा लपवून जागेची जीपीएस नोंद ऑनलाइन टाकली, येणाऱ्यानं डबा शोधून आतल्या वहीत सही करायची. आठवण म्हणून रुळाजवळ पडलेला एक खिळाही डब्यात ठेवला. रेल्वे सुरक्षा दलानं डबा जप्त केला आणि वहीतल्या माझ्या नावावरून चौकशीची नोटीस आली. गावकरी म्हणतात, 'गाडीच नाई तं टेशन कायचं?' काय करू?

उत्तर : गुरुजी, तुम्हाला डब्याची भीती वाटते आहे. मला खिळ्याची वाटते.

डब्याचं आधी सांगतो. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जामीन हक्कानं मिळतो. गाडी थांबली म्हणून जमीन गावठाण होत नाही. 'परवानगी होती' असं मात्र चुकूनही सांगू नका. जागामालकाची परवानगी घ्या, असं या खेळाचेच नियम सांगतात.

आता खिळा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्याच्या डोक्याला कुत्र्याच्या कानांसारखे दोन कंगोरे दिसतात. तो डॉग स्पाइक, रूळ खालच्या आडव्या स्लीपरला धरून ठेवणारा. भंगारात त्याचे चार पैसे येतील, पण कायद्याच्या लेखी ती रेल्वेची मालमत्ता. १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा कडक आहे : पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद, आणि खास कारण नोंदवल्याशिवाय एक वर्षाच्या खाली येता येत नाही. वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय आला, की ती रीतसर मिळाली हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

'शकुंतला तर इंग्रजांच्या कंपनीची, सरकारची कुठे?' हा मुद्दा आपल्याकडे हमखास निघतो. इथे तो चालणार नाही. मालमत्ता रेल्वे प्रशासनाच्या नुसत्या ताब्यात असली तरी पुरतं, आणि खासगी रेल्वेचा मालक किंवा ती भाडेपट्ट्यानं घेणारा हाही कायद्यानं 'रेल्वे प्रशासन'च असतो.

सगळ्यात जपायचं ते जबाबाला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात वाचता येत नाही, हे ऐकून लोक रेल्वे सुरक्षा दलापुढेही निर्धास्त बोलतात. पण या कायद्याखाली चौकशी करणारा त्यांचा अधिकारी पोलिस अधिकारी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवलं. त्याच्यापुढचा जबाब तुमच्याविरुद्ध वापरता येतो. म्हणून नोटीस टाळू नका, पण वकिलाला सोबत न्या. खोटं एक अक्षर बोलू नका. सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. 'सुटा पडलेला उचलला, डब्यात उघड ठेवला, वहीत स्वतःचं नाव लिहिलं' हे त्यात आलंच पाहिजे, कारण चोर आपलं नाव लिहून ठेवत नाही. तुमचा खरा बचाव तोच आहे. जप्ती पंचनाम्याची प्रतही मागा.

ऑनलाइन नोंदीचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, मगच ती बंद करा. घरी अजून एखादा खिळा, फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी), जुनी पाटी असेल तर विहिरीत टाकू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. वकिलामार्फत लेखी जमा करून पोच घ्या. भाच्यांना काही पढवू नका.

आणि नोटिशीवरची तारीख आजच वकिलाला कळवा.