लघुचित्रं रंगवताना ब्रशला जिभेवर टोक काढणं कितपत धोक्याचं?

तुम्ही विचारलंय की पापण्या, दागिने असं बारीक काम करताना ब्रशला जिभेवर टोक काढायची सवय आहे, गुरुजीही आयुष्यभर तेच करत आले आणि त्यांना काही झालं नाही, मग सोडायलाच हवं का? हो, सोडा. मात्र घाबरून जाऊ नका. आधी ट्यूब उलटून बघा.

मी बडोद्यात लघुचित्रांचे वर्ग घेते. माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचायला लावते. पीआर १०८ म्हणजे कॅडमियम लाल, पीवाय ३५ कॅडमियम पिवळा, पीडब्ल्यू १ शिशाचा सफेदा. पीवाय ३४ क्रोम यलो, त्यात शिसं आणि क्रोमियम दोन्ही. कॅडमियमच्या नावापुढे ‘ह्यू’ असेल तर तो नकली रंग, आणि इथे नकलीच बरा! क्रमांकच छापलेला नसेल, तर आत काय आहे ते देव जाणे.

खरी भानगड पारंपरिक रंगांची आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून हौसेने आणलेल्या हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा, शेंदरात शिसं. ‘सफेदा’ मागितला तर जस्ताचा की शिशाचा, हे दुकानदाराला विचारून घ्या. हे रंग कोरडे खलताना उडणारी भुकटी तर जिभेवरच्या थेंबापेक्षा वाईट, मास्क लावा.

गुरुजींना काही झालं नाही हे कळणार कसं? शिसं हाडांत साठतं, कॅडमियम मूत्रपिंडात, तेही वर्षानुवर्षं. पोट दुखणं, थकवा, चिडचिड, वाढलेला रक्तदाब. याचा संबंध ब्रशशी कोण लावतो? लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत तर शिशाची सुरक्षित पातळीच नाही. न्यू जर्सीच्या कारखान्यात घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रश ओठांवर टोकदार करायला शिकवलं होतं. रंगात रेडियम होतं. १९२० च्या दशकात त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली. तुमच्या ट्यूबमध्ये रेडियम नाही, पण ‘काही होत नाही’ हे त्यांनाही सांगितलंच होतं.

टोक काढायला जीभ लागतच नाही. ब्रश धुवा, ओल्या सुती फडक्यावर आडवा टेकवा आणि दांडा बोटांत फिरवत हलकेच आपल्याकडे ओढा. केस आपोआप जुळतात. इथल्या जुन्या तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांच्या रेघा बघून आलेल्या मुलांना वाटतं, असं काम फडक्याने कसं जमणार? आठवडाभरात जमतं. ओला करूनही ब्रशचे केस फाकत असतील तर ब्रश बदला, तो थुंकीने सुधारणार नाही. आणि चहाचा कप रंगाच्या वाटीपासून लांब ठेवा, ब्रश त्यात बुडतोच!

बरीच वर्षं शेंदूर किंवा शिशाचा सफेदा खलत आला असाल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. नेहमीच्या रक्ततपासणीत ते दिसत नाही.