एचआयव्ही: गावाकडून आलेले प्रश्न

जागतिक एड्स दिनाच्या, म्हणजे १ डिसेंबरच्या आसपास दरवर्षी पत्रं वाढतात. त्यातली काही इथे घेतली आहेत. नावं-गावं अर्थातच छापत नाही.

अमेरिकेने एड्सचा पैसा बंद केला असं मोबाईलवर वाचलं. मी बऱ्याच वर्षांपासून सरकारी गोळ्या खातो. त्या बंद होतील का? (यवतमाळ जिल्हा)

त्या कारणाने बंद होणार नाहीत. बातमी मात्र खरी आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका फटक्यात थांबवली. त्यांच्या ‘पेपफार’ या एड्सविरोधी मदत कार्यक्रमावर आफ्रिकेतले कितीतरी देश 2003 पासून विसंबून होते. तिथे दवाखान्यांना कुलूप लागलं, कर्मचारी घरी बसले. आपला राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारच्या पैशावर चालतो. 2021 ते 2026 या पाचव्या टप्प्यासाठी 15,471.94 कोटी रुपये ठेवले, ते सगळे केंद्राचे. मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली. 2017 पासून तर सीडी-फोर (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की गोळ्या सुरू होतात.

आणि औषधाचं म्हणाल तर जगच आपल्याकडे बघतं. तीन औषधांचा वर्षाचा खर्च 10 ते 15 हजार डॉलर होता, तेव्हा मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने 2001 मध्ये तो 350 डॉलरवर आणून दाखवला. आफ्रिकेतला रुग्ण आज जी गोळी खातो, ती बहुतेक वेळा भारतातच बनलेली असते.

माझी काळजी वेगळी आहे. कापसाची वेचणी लागली की एआरटी केंद्रातली गर्दी ओसरते. एक दिवस गेला की रोजी बुडते, म्हणून लोक तारीख चुकवतात. गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. हंगाम लागायच्या आधी समुपदेशकाशी बोलून ठेवा.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलं म्हणे. ते घेतलं की रोजची गोळी सुटेल का?

तुम्ही वाचलंत ते इंजेक्शन लेनाकापाविर. ज्याला लागण झालेली नाही, त्याला ती होऊ नये म्हणून ते देतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या अभ्यासात 2,134 तरुणींना ते दिलं, एकीलाही लागण झाली नाही. हा निकाल 2024 चा. पुढच्याच वर्षी जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या दोन कंपन्या 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलरमध्ये ते बनवून देणार, असं जाहीर झालं आहे. पण तुम्ही पॉझिटिव्ह आहात, तेव्हा तुमची गोळी चालूच राहील.

जाता जाता काढेवाल्यांबद्दल. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, इतका खाली गेला की मशीनला सापडत नाही, याचा अर्थ विषाणू शरीरातून गेला असा होत नाही. काढेवाला नेमका तोच कागद दाखवून श्रेय लाटतो, आणि गोळ्या सोडायला लावतो. सहा महिन्यांनी पेशंट टीबी घेऊन आमच्याकडे येतो.

सलूनच्या ब्लेडने होतो का?

दाढी करून एचआयव्ही झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. तरी ब्लेड नवीन मागाच, कावीळ ‘ब’ रक्तातून सहज पसरते.

आमच्या गावातून मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. परत आल्यावर सगळ्यांची तपासणी सक्तीची करावी, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा का? (सरपंच, चंद्रपूर जिल्हा)

घेऊ नका. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि रिपोर्ट गावात फोडता येत नाही. शिवाय सक्ती केली की ज्याला शंका आहे तोच आधी गाव सोडतो. त्यापेक्षा ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राला, कळवून शिबिर मागा. सिकलसेल, शुगर, बीपी यांच्याबरोबरच एचआयव्हीही ठेवा. रांगेत कोण कशासाठी उभा आहे, हे कुणाला कळायला नको.

आम्ही दोघं पॉझिटिव्ह. माझ्या गोळ्या सुरू होऊन तीन वर्षं झाली, व्हायरल लोड येत नाही. चौथा महिना चालू आहे. बाळाला होईल का?

काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. आई वेळेवर गोळ्या घेत असेल तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं. तुमचा लोड येत नाही, म्हणजे तुमच्या बाबतीत धोका आणखी कमी.

आता एक बारीक गोष्ट. आशाताईने दिलेली लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी तुम्ही घेत असाल. एआरटीतलं डोल्युटेग्रॅव्हिर उपाशीपोटी त्यांच्यासोबत घेतलं तर अंगी लागत नाही. लाल गोळी दुपारी जेवल्यावर घ्या आणि एआरटीची रात्री झोपताना. ॲसिडिटीच्या गोळीलाही हेच लागू.

बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळाला जन्मापासून नेव्हिरापिनचं औषध किमान सहा आठवडे द्यायचं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्त घेतात आणि पक्कं उत्तर अठराव्या महिन्यात मिळतं. अंगावर पाजणार असाल तर सहा महिने फक्त आईचंच दूध. घुटी नको, मध नको, वरचं दूधही नको. सासूबाई घुटीवर अडून बसतात, हा माझा नेहमीचा अनुभव. त्यांना आमच्याकडे पाठवा, पोट बिघडतं एवढंच कारण सांगू, आजाराचं नाव निघणार नाही.

तालुक्याच्या केंद्रात सगळे ओळखीचे. जिल्ह्याला जावं तर भाडं परवडत नाही. एसटीचा मोफत पास आहे म्हणतात.

एसटीत एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे. पण गावच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरला ते कार्ड कसं दाखवणार? म्हणून पुष्कळ जण ती वापरतच नाहीत. सवलत देणाऱ्याच्या हे डोक्यात आलं नसावं. आजारामुळे काम होत नसेल आणि उत्पन्न कमी असेल, तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो, तोही बघा.

केंद्र बदलता येतं. समुपदेशकाकडून ट्रान्सफरचा कागद घ्या आणि मधल्या दिवसांच्या गोळ्याही मागून घ्या. सुरत-पुण्याला कामाला जाणाऱ्यांसाठीही हीच पद्धत आहे. जवळचं केंद्र कुठलं, ते 1097 या मोफत नंबरवर सांगतात, नाव सांगायची गरज नाही. आणि गाडीत डबी वाजते म्हणून गोळ्या पुडीत बांधून नेता, ते बंद करा, ओल लागून खराब होतात. डबी रुमालात गुंडाळून ठेवा.