दीड लाखाचा आवाज

प्रश्न: माझ्याकडे आठ वर्षांपूर्वीचे साधारण तीस हजारांचे बुकशेल्फ स्पीकर आणि अँप्लिफायर आहेत. ऐकतो ते नाट्यसंगीत, अभंगच जास्त. परवा एका शोरूममध्ये दीड लाखाचा सेट ऐकला आणि डोक्यातनं जातच नाही. दुकानदार म्हणतो पैसे पाचपट तर आवाजही पाचपट, वर सहा हजारांची केबल घ्या म्हणतो. गणेश चवथीआधी घेऊन टाकू का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: पाचपट आवाज मोजला कशाने, हे विचारायचं होतंत त्याला! अहो, पाच हजारांच्या प्लॅस्टिकच्या डब्यावरनं तुम्ही तीस हजारांवर आलात तेव्हा फरक घरात सगळ्यांना कळला असणार, तंबोरा वेगळा ऐकू यायला लागतो, डग्गा नुसता धप्प न करता घुमतो. तीसावरनं दीड लाखावर फरक पडतच नाही असं नाही, पण तो कान देऊन शोधावा लागतो, आणि त्याच्याही वर गेलात की बरेचसे पैसे पॉलिशला आणि जाडजूड पॅनेलला जातात.

शोरूमची एक गंमत सांगतो. दोन सेटपैकी जो जरासा मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, सगळ्यांनाच. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून, कुठला वाजतोय ते न बघता ऐका. आणि वॅटच्या आकड्याला भुलू नका, ५० वॅटचे १०० केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आवाज दुप्पट वाटायला साधारण १० लागतात म्हणजे दहापट पॉवर.

आता मुख्य गोष्ट, स्पीकर ठेवलेत कुठे? माझे दोन वर्षं शोकेसमध्ये कोंबलेले होते, खाली गुळगुळीत लाल जमीन, भिंती उघड्या, बेस असा गुरगुरायचा की गाण्याचे शब्द कळेनात आणि वर एक बारीक खरखर. अँप्लिफायर बदलायला निघालोच होतो, तर ती खरखर निघाली शोकेसच्या सैल काचेची! स्पीकर बाहेर स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून दोनेक फूट, ट्वीटर (बारीक, वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) आपण बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे, समोर जाड सतरंजी. खर्च शून्य.

आणखी एक, आपल्याकडचे आठ पावसाळे म्हणजे चेष्टा नाही. जाळी काढून कोनच्या (स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या) कडेची रिंग बघा, फोमची असेल आणि बोट लावल्यावर भुगा होत असेल तर आधी ती बदलून घ्या. वायरची टोकं हिरवी पडली असतील तर कापून नव्याने सोला.

बाकी रेकॉर्डिंगमध्येच जे नाही ते कुठलाच स्पीकर आणणार नाही. तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजर यानामधनं अंतराळात गेलं, पण त्यांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर वरचे सूर मुळातच कमी, सरसर जास्त. महागड्या सेटवर ती सरसरच जास्त स्वच्छ ऐकू येते (मी ऐकलीय).

तेव्हा चवथीची घाई नको. एवढं सगळं करूनही मन भरलं नाही तर पैसे स्पीकरवर घाला, अँप्लिफायर असू दे, आणि घेण्याआधी दोन दिवस घरी लावून देतो का विचारा. केबलचं म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानात २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची वायर मीटरवर मिळते.